पाडव्याला घेतलेला कॉम्प्युटर

“बाई, ब्रँडेड पाहिजे का असेंबल केलेला?” शीतल मगदूमनं विचारलं.

“चांगला पाहिजे,” मी म्हटलं.

तो हसला. हसायला काय झालं मेल्याला! अठरा वर्षं मी मिरजेत टायपिंग शिकवत होते. हा शीतलसुद्धा माझ्याकडेच तीसच्या स्पीडची परीक्षा पास झालेला, तेही दुसऱ्या खेपेला. आणि आता काउंटरच्या पलीकडं उभा राहून मला विचारत होता, हार्ड डिस्क किती जीबीची टाकू म्हणून. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ते त्याला दाखवून द्यायला मी काही काल जन्मलेली नव्हते.

“तू तुझ्या घरी कुठला नेला असतास, ते सांग,” मी म्हटलं.

“वापरणार कोण त्यावर आहे की बाई. कुणासाठी घ्यायचाय?”

“हिच्यासाठी.”

त्यानं काउंटरवरून वाकून खाली बघितलं. माझ्या पदराचं टोक धरून कस्तुरी उभी होती. पावणेसात वर्षांची, दोन घट्ट वेण्या, गालावर मी रोज न चुकता लावायची ती काजळाची तीट.

“एवढ्याशा पोरीला कॉम्प्युटर?”

“का? तुझ्या दुकानाचं त्यात काय वाईट होणार आहे?”

“तसं नाही हो बाई,” म्हणत तो घाईघाईनं एक मशीन चालू करायला वळला. दोन हजार एक सालचा मार्च होता. डॉक्टर-इंजिनिअरांची चार घरं सोडली तर मिरजेत कुणाच्या घरात कॉम्प्युटर नव्हता. पाडवा आठ दिवसांवर आला होता आणि पाडव्याच्या मुहूर्तावर तो माझ्या घरात यायलाच पाहिजे होता. पहिलीतल्या पोरीला त्याची काय गरज, हे मलाही कळत होतं. गरज मला होती.

कस्तुरी माझ्या नणंदेची मुलगी. वंदना कावीळ होऊन दहा दिवसांत गेली तेव्हा ही चौदा महिन्यांची होती. तिचे वडील हेमंतदाजी पुण्यात एका कारखान्यात इंजिनिअर. एकट्या पुरुषानं तान्हं पोर कसं सांभाळायचं, म्हणून सासूबाईंनी तिला मिरजेला आणलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. तेव्हापासून साडेपाच वर्षं ती माझ्या कुशीत झोपत होती. दोन वर्षांपूर्वी दाजींनी दुसरं लग्न केलं. करावंच की, तरुण माणूस, माझं त्याला काही म्हणणं नव्हतं. पण त्या फेब्रुवारीत त्यांचा फोन आला.

“वहिनी, आता घर मार्गी लागलंय. कस्तुरीला घेऊन जावं म्हणतो. शाळा चांगली आहे इथं, इंग्रजी. घरात कॉम्प्युटर आहे. मिरजेत काय आहे हो तिला?”

मिरजेत मी आहे की! पण हे मी फोनवर बोलले नाही. फोन ह्यांच्या हातात दिला आणि आत जाऊन पिठाच्या डब्यात हात घालून उभी राहिले.

मग इकडून-तिकडून फोन झाले आणि शेवटी दाजींचे चुलते, बापूकाका, मध्ये पडले. ठरलं ते असं. एक मेला शाळेचा निकाल लागतो. त्या दिवशी दाजी आणि बापूकाका मिरजेला येतील, पोरीला समोर बसवून विचारतील, ती म्हणेल तिथं ती राहील. तोपर्यंत दोन्ही घरच्या कुणी तिला पढवायचं नाही, आणि त्या वेळी तर चकार शब्द काढायचा नाही. बापूकाका निवृत्त हेडमास्तर, अटी घालण्यात हयात गेलेली. मी अट कबूल केली. मीही सरकारी टायपिंग परीक्षेला सुपरवायझर म्हणून जायची. कुणी शेजारच्या कागदाकडं नुसती मान वळवली तरी त्याचा कागद काढून घ्यायची. नियम म्हणजे नियम. पण कॉम्प्युटर घ्यायचा नाही, असं त्या अटीत कुठं लिहिलं होतं?

“ये गं, बस इथं,” शीतलनं कस्तुरीला स्टुलावर बसवलं. “हा कीबोर्ड. घाबरायचं नाही. कुठलंही बटण दाब.”

कस्तुरीनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. मग तिनं पाठ ताठ केली, मनगटं उचलली आणि दोन्ही हातांची बोटं बरोब्बर मधल्या ओळीवर ठेवली. क्लासमधल्या पाच नंबरच्या मशीनवर, ह्यांनी खास तिच्यासाठी लाकडी ठोकळा ठेवून उंच केलेल्या खुर्चीत बसून, ती रोज संध्याकाळी धडे गिरवायची. पण त्या लोखंडी मशीनला जोर लावायची सवय. इथं तिनं पहिलंच बटण असं काही दाबून धरलं की पडद्यावर एकाच अक्षराची ओळच्या ओळ पळत सुटली.

“आई गं!” म्हणून तिनं हात मागं घेतले आणि खुदकन हसली. मग पुन्हा बोटं ठेवली, या खेपेला हलकी, आणि मान न वळवता, कीबोर्डकडं न बघता, पहिला धडा सरसर काढला. एक चूक नाही.

दुकानात आणखी एक बाई होत्या, मुलासाठी काहीतरी घ्यायला आलेल्या. त्या जवळ आल्या. “अगं बाई! हे एवढंसं पोर बघा की! न बघता टाइप करतंय!”

“बाई, तुमची मुलगी भारी हुशार हो,” शीतल म्हणाला. “मला हे करायला सहा महिने लागले होते.”

“नजर लागेल अशी आहे,” त्या बाई म्हणाल्या. आणि कस्तुरीच्या तोंडावरून नजर काढीनात.

मी झटकन बोलले, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच. “आमची कुठली हो! नणंदेची आहे. चार दिवसांची पाहुणी. जाईल आपल्या घरी.”

कस्तुरीची बोटं थांबली. मला वाटलं, पुढचं अक्षर सापडलं नाही.

हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले नव्हते. रोज बोलायची. गल्लीत, शाळेच्या फाटकात, क्लासमध्ये, देवळात, कुणी म्हटलं की किती गोड आहे तुमची पोर, की माझं ठरलेलं उत्तर तयार: माझी नाही हो, पाहुणी आहे चार दिवसांची. त्याला कारण होतं. वंदनाच्या लग्नाआधी आणि नंतर मिळून माझी तीन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला तर तिसऱ्या महिन्यातच मी गल्लीभर सांगत सुटले होते, दुपटी शिवली होती, कुंचीला लेस लावली होती. कस्तुरीला माझ्या मांडीवर ठेवताना सासूबाई म्हणाल्या, “निर्मला, ही तुझ्या ओटीत घातली. हिला हवं ते कर. पण तोंडानं कधी माझी म्हणू नकोस. तू ‘माझं’ म्हटलेलं टिकत नाही.”

आता कुणी म्हणेल, शिकलेली बाई तू, इंग्रजी चाळीसची परीक्षा पास झालेली, असल्या बोलण्यावर विश्वास ठेवलास? ठेवला. पोटची तीन गेलेल्या बाईला अक्कल शिकवायला येऊ नये कुणी. सासूबाई पुढं दोन वर्षांनी वारल्या, पण त्यांचं ते बोलणं माझ्या कानात तसंच राहिलं. मी कस्तुरीचं सगळं केलं. गोवरात अकरा रात्री बसून काढल्या. पण ‘माझी’ हा शब्द मी तिच्यासमोर, तिच्यामागं, मनातल्या मनातसुद्धा उच्चारला नाही. इतकी मी तिच्यावर जीव टाकत होते.

शीतलनं मग एकेक मशीन दाखवलं. हा चौदा इंचाचा, हा पंधरा इंचाचा. ह्याला स्पीकर आहेत, ह्याच्यात सीडी चालते, गाणी लागतात, गणिताचे खेळ आहेत. ब्रँडेड घेतला तर तीन वर्षं बघायला नको, असेंबल केलेला असला तर पुढं पार्ट बदलता येतात.

“किती वर्षं वापरणार, त्यावर ठरवा बाई.”

“दहावीपर्यंत तरी चालला पाहिजे,” मी म्हटलं. हे म्हणताना मला किती बरं वाटलं, काय सांगू! दहावीपर्यंत. मी मनातल्या मनात तिला दहावीच्या परीक्षेला दही-साखर खायला घालून मोकळी झाले.

“कस्तू, तुला कुठला आवडला गं?”

“तुला आवडेल तो घे.”

“अगं, तुझ्यासाठी घेतोय ना? तू सांग की.”

तिनं दुकानभर बघितलं आणि कोपऱ्यात कुणीतरी परत आणून टाकलेला, पिवळा पडलेला एक जुना कॉम्प्युटर होता, त्याच्याकडं बोट केलं. “तो चालेल मला.”

शीतल मोठ्यानं हसला. “बाई, आमच्या घरच्या कार्ट्यांना पाठवतो तुमच्याकडं. जरा हे वळण लावा. आमचा धाकटा दिसेल ते मागतो.”

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. खरंच होतं ते. या पोरीनं कधी हट्ट केला नाही, दुकानात कधी कशाकडं बोट दाखवलं नाही, जत्रेत फुगा नको म्हणायची. पाणी प्यायचं तरी विचारणार, “मामी, पिऊ?” शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, पोर कसं ठेवावं ते निर्मलाकडून शिकावं. मला ते फार आवडायचं.

मी पंधरा इंचाचा, स्पीकर आणि सीडीवाला, दुकानातला सगळ्यात चांगला कॉम्प्युटर सांगितला.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. हे पुढच्या खोलीत एक टाइपरायटर उघडून, त्याच्या अक्षरांच्या एकेका दांडीला ब्रशनं तेल लावत बसले होते. आमच्या क्लासची दुरुस्ती सगळी ह्यांचीच.

“दोन मशीनं विकूया,” मी म्हटलं. “नाहीतरी पोरं कमीच झालीत. आणि माझ्या पाटल्या आहेत.”

ह्यांनी ब्रश खाली ठेवला. “निर्मला, पोरीला विकत घेतेस काय?”

“काय बोलताय! दाजींच्या घरी कॉम्प्युटर आहे म्हणून सांगितलं त्यांनी. पोरीला तेवढ्यासाठी जावंसं वाटायला नको. बरोबरी झाली म्हणजे झालं. मग ती कुणाकडं राहील ते मला ठाऊक आहे.”

“कॉम्प्युटर राहू दे गं. तू तिला नुसतं म्हण की. कस्तू, तू आम्हाला हवी आहेस, जाऊ नको. एवढंच.”

“म्हणजे पढवायचं? अट काय ठरलीय?”

“खड्ड्यात गेली अट.”

“तुमची गेली असेल. मी शब्द दिलाय. आणि म्हणायला कशाला पाहिजे? साडेपाच वर्षं माझ्या दंडावर डोकं ठेवून झोपतीय ती. तिला कळत नाही होय?”

हे पुन्हा ब्रश घेऊन बसले. हा माणूस आयुष्यात माझ्याशी फार वेळा वाद घालायला गेला नाही. त्या दिवशी घालायला पाहिजे होता, असं मला अजून वाटतं, आणि असं वाटल्याची मला लाजही वाटते.

पाडव्याला सकाळी गुढी उभारली आणि अकराच्या सुमाराला शीतल रिक्षातून खोकी घेऊन आला. वायरी जोडता जोडता त्याला घाम फुटला. मी कॉम्प्युटरला हळद-कुंकू वाहिलं, वर एक फूल ठेवलं. ते फूल घसरून कीबोर्डवर पडलं तर शीतल ओरडला, “बाई, पाणी बिणी शिंपडू नका हां!” कस्तुरी परकर-पोलकं घालून, हाताची घडी घालून, जरा लांबच उभी होती.

“नाव काय टाकू? चालू केलं की ते नाव दिसेल पडद्यावर,” शीतलनं विचारलं.

“मामीचं,” कस्तुरी म्हणाली.

“अगं वेडे, तुझा आहे तो,” मी म्हटलं. “तुझं नाव टाक. तूच टाक.”

ती पुढं झाली. आधी फ्रॉकला पुसतात तसे परकराला हात पुसले आणि एकेक अक्षर दाबत नाव टाकलं. कस्तुरी, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. शाळेत शिकवलं होतं तसं, पूर्ण. पुण्याचं नाव माझ्या घरातल्या पडद्यावर बघून मला जरा चर्र झालं. पण म्हटलं, असू दे, नावात काय आहे, बसणार तर इथंच आहे ना.

पुढचा महिना माझ्या आयुष्यातला सगळ्यात सुखाचा महिना होता, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. परीक्षा संपल्यावर तर ती रोज त्याच्यासमोर असायची. गणिताच्या खेळात बरोबर उत्तर आलं की आतून टाळ्या वाजायच्या, आणि ह्यांनाही टाळ्या पाहिजेत म्हणून हे मुद्दाम सोपी गणितं मागून घ्यायचे. मी कणीक मळता मळता आतून ऐकायची. “मामा, सात आणि आठ?” “चौदा.” “चूक! मामा ढ आहे!” रोज बसताना मात्र ती मला विचारायला यायची, “मामी, लावू?” आणि उठताना बंद करून, त्याच्यावर मी शिवलेलं कव्हर चारी बाजूंनी सारखं ओढून घालायची. मी एक-दोनदा म्हटलंही, अगं विचारतेस काय सारखं. ती नुसती हसायची.

मी अगदी निर्धास्त होते. एक तारखेला दाजी आले की त्यांना काय काय वाढायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. हरलेल्या माणसाला उपाशी पाठवू नये, म्हणून पुरणपोळीचा बेत होता. एवढी मला खात्री.

एक मेला शाळेत झेंडावंदन झालं, निकाल लागला, कस्तुरी वर्गात दुसरी आली. साडेदहाला दाजींची गाडी दारात थांबली. दाजींनी पोरीसाठी सायकल आणली नव्हती, बाहुली आणली नव्हती, नुसते पेढे आणले होते. त्यांनीही अट पाळली होती. माणूस वाईट नव्हता हो. वाईट असता तर बरं झालं असतं.

चहा झाला. बापूकाका खुर्चीत बसले, बाकीचे सतरंजीवर. कस्तुरीला त्यांनी समोर बोलावलं.

“बाळ, तुला एक विचारायचंय. खरं उत्तर द्यायचं. कुणी रागावणार नाही. तुला इथं मामा-मामीकडं राहायचंय का पुण्याला बाबांकडं?”

तिनं माझ्याकडं बघितलं. “मामी सांगेल तसं.”

“मामी नाही सांगणार. तू सांगायचंस.”

तिनं पुन्हा माझ्याकडं बघितलं. मला ते दिसलं नाही, कळलं. कारण मी खाली फरशीकडं बघत होते. डोळ्याला डोळा भिडला तर ते पढवणं होईल, असं मी आदल्या दिवशीच मनाशी ठरवलं होतं. परीक्षेच्या हॉलमध्ये मी अशीच उभी राहायची, पोरं माझ्या तोंडाकडं आशेनं बघायची आणि मी भिंतीकडं बघायची.

मग तिनं विचारलं, “बाबा, पुण्याचं घर माझं आहे?”

“तुझंच आहे की गं राणी,” दाजी म्हणाले.

“मग मी तिकडं जाते.”

मी मान वर केली. हे पुढं सरकले. अट बिट सगळं विसरून त्यांनी विचारलं, “का गं कस्तू? मामी लाड करत नाही तुझे?”

“करते की.”

“मग?”

“मी मामीची नाही ना. मामीच सांगते सगळ्यांना. मी चार दिवसांची पाहुणी आहे.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, रुसवा नव्हता. पाढा म्हणावा तशी सरळ म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “चार दिवस तर कधीच झाले.”

“अगं कस्तू, ते मी...” मी उठलेच.

“बाई.” बापूकाकांनी पंजा वर केला. “ठरलंय आपलं. पोर बोललीय.”

मी खाली बसले. बापूकाकांनी मला बोलू दिलं नाही, असं मी नंतर कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. त्या म्हाताऱ्याच्या पंजानं मी गप्प बसणारी बाई नव्हे. पुढचं वाक्य काय बोलावं लागेल ते माझ्या लक्षात आलं आणि मी भ्याले. साडेपाच वर्षं दृष्ट लागू नये म्हणून मी जे बोलत होते, ते लोकांनी ऐकून सोडून दिलं होतं. एकट्या पोरीनं ते खरं धरलं होतं. पाणी पिऊ का, कॉम्प्युटर लावू का, जुना चालेल मला. आणि मी त्याला वळण म्हणत होते!

पुरणपोळ्या कुणी किती खाल्ल्या मला आठवत नाही. दाजी म्हणाले, “कस्तुरी, कॉम्प्युटर घ्यायचा का गाडीत? बसेल मागं.” ती म्हणाली, “नको. तो मामीला क्लासला होईल.”

दुपारी मी तिला आतल्या खोलीत घेतलं, वेण्या घालायला. दार लोटलं. आता कुणाची अट नव्हती, कुणी ऐकणारं नव्हतं.

“कस्तू, मी लोकांना सांगायचे ना, ते खरं नव्हतं गं. तुला कुणाची दृष्ट लागू नये म्हणून तसं म्हणायचे.”

ती गर्रकन वळली. एक वेणी झाली होती, दुसरी माझ्या हातातून सुटली. “मग खरं काय?”

इतक्या आशेनं तिनं कधी काही मागितलं नव्हतं. डोळे असे मोठे करून ती माझ्या तोंडाकडं बघत होती. दोन शब्द होते, अगदी ओठावर आले होते. बाहेर ड्रायव्हर गाडीची काच पुसत होता. पुण्यापर्यंतचा रस्ता, मध्ये खंबाटकीचा घाट, मेमधला लग्नसराईचा ट्रॅफिक. आत्ता बोलले आणि वाटेत काही झालं तर? तू ‘माझं’ म्हटलेलं टिकत नाही. सासूबाई शेजारी उभ्या राहून बोलल्यासारखं मला ते ऐकू आलं. तीन गेली होती. चौथी मी जाऊ देणार नव्हते. माझ्याकडं नाही राहिली तरी चालेल, पण कुठंतरी राहू दे.

“मोठी झालीस की सांगेन,” मी म्हटलं.

ती “बरं,” म्हणाली आणि पाठ फिरवून दुसरी वेणी घालून घेतली.

मोठी होऊन तिला आता स्वतःची मुलगी झालीय. वर्षातून एकदा येते, येताना साडी आणते, जेवताना आग्रह करावा लागतो. मी अजून तिला सांगितलेलं नाही. अजून मला भीती वाटते.

चार वाजता गाडीत सामान ठेवलं. दाजी पुढं बसले. गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. मी कस्तुरीच्या गालावर तीट लावली, हातावर दही ठेवलं. तिनं आधी मामाला वाकून नमस्कार केला. हे तोंड फिरवून आत निघून गेले. मग ती माझ्यासमोर आली, वाकली, माझ्या दोन्ही पायांना हात लावला. तिनं मान वर केली तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली होती, काहीतरी विचारायचं राहून गेलं होतं असं.

“मामी,” ती हळूच म्हणाली, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. “मी त्रास दिला नाही ना?”

“नाही गं बाई,” मी म्हटलं. “काहीच त्रास दिला नाहीस.”

तिला बरं वाटलं. तोंडभर हसली, आणि पळत जाऊन गाडीत बसली.